श्वासासाठी सोडायचा सूर

ऑक्टोबर संपता संपता इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि दुपारचा चहा अचानक अंधारात प्यावा लागतो. त्याच आठवड्यात गावच्या हॉलमध्ये हिवाळ्याचे क्लास सुरू होतात. माझी मुलगी सई तिथे बास्केटबॉलला जाते. तिला सोडून मी पार्किंगमध्ये थांबते, तेव्हा शेजारच्या खोलीतून टिन व्हिसल ऐकू यायला लागतात. पत्र्याच्या त्या बारक्या शिट्ट्या, वाजवणारी पंधरा-वीस लहान मुलं आणि सगळ्यांची मिळून एकच जिग, नाचाची उड्या मारती धून. कोणी पुढे पळतंय, कोणी मागे रेंगाळतंय, मधूनच एखादी शिट्टी किंचाळते आणि खोलीभर हसू फुटतं. मी गाडीची काच वर करते, हीटरचा पंखा वाढवते. तरी ऐकू येतंच.

लोक म्हणतात, काळासारखं औषध नाही. मला त्या औषधाचा गुण आलेला नाही. माझा नवरा विनय याच हॉलमध्ये, याच खोलीत फ्लूट शिकायला यायचा. तो गेला त्याला आता काही वर्षं झाली. पुढचं आजारपण, दवाखाने, खुर्च्या, नळ्या हे सगळं माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेलंय. कशाच्या आधी काय झालं ते आता सांगता येणार नाही. पण त्याची फ्लूट गेली तो एक हिवाळा मात्र जसाच्या तसा शाबूत आहे. घड्याळं मागे गेली की तो परत येतो. एका तासाने मागे जाऊन काय होणार आहे, असं मला दर वर्षी वाटतं.

हे गाव आयर्लंडमधल्या गॉलवे शहराच्या पूर्वेला. एक दुकान, एक चर्च, दोन पब, हर्लिंगचं मैदान आणि हा हॉल. विनय शहरातल्या एका मेडिकल डिव्हाइस कंपनीत क्वालिटी इंजिनीअर होता, मी घरून सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. तो मूळचा वर्ध्याचा. शाळेत असताना जत्रेतून आणलेली बांबूची बासरी तो आपली आपण फुंकून फुंकून शिकला होता. राग वगैरे त्याला फारसे कळत नसत. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवायचा, लग्नानंतर कधीमधी रविवारी. आयर्लंडला येताना ती बासरी त्याने शर्टांच्या घडीत गुंडाळून आणली होती, तर इथल्या पहिल्याच थंडीत तिला उभी चीर गेली.

त्याच थंडीत आम्ही पहिल्यांदा पबमध्ये सेशन ऐकलं. आपल्याकडे गाणारे-वाजवणारे लोकांकडे तोंड करून बसतात. इथे ते एका टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसले होते आणि ऐकणाऱ्यांच्या वाट्याला त्यांच्या पाठी आल्या होत्या. फिडल म्हणजे व्हायोलिनच, हातात मावणारी भात्याची कॉन्सर्टिना, एक-दोन फ्लूट, आणि कोपऱ्यात मांडीवर बोधरान, डफासारखं वाद्य, घेतलेला एक जाडजूड माणूस. कोणी काही जाहीर करत नव्हतं. एकाने सुरू करायचं, ज्यांना येतं त्यांनी त्यात शिरायचं, ट्यून तीनदा फिरली की एकमेकांकडे नुसतं बघून दुसरीत उडी घ्यायची. मग सगळे थांबत आणि हवामानावर बोलत, जणू काही झालंच नाही. मी संत्र्याचा सोडा पीत घड्याळाकडे बघत होते. विनयने त्याच्या ग्लासला हातही लावला नव्हता.

“मधू, हे लोक कोणाला दाखवायला वाजवतच नाहीयेत,” तो मला म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याने हॉलच्या क्लासमध्ये नाव घातलं.

क्लास घ्यायची नोरा. सत्तरीची, बुटकी, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. बारा महिने एकच निळं जर्किन. तिचे वडील फ्लूट वाजवायचे, आजोबाही. तिने विनयला काळ्या लाकडाची एक जुनी फ्लूट वापरायला दिली. सहा भोकं, दाबायची धातूची कळ एकही नाही. बासरीवर तयार झालेली त्याची बोटं तिच्यावर लगेच रुळली. नोरा कागदावर काही लिहून द्यायची नाही. ती एक तुकडा वाजवायची, मग शिकणारे वाजवायचे, मग ती पुढचा तुकडा.

त्या लोकांच्या बोलण्यातली एक गोष्ट विनयला फार आवडली होती. ट्यून येते का, असं ते विचारत नाहीत. ‘तुझ्याकडे ही आहे का?’ असं विचारतात. ट्यून माणसाकडे असते, घरात साखर असावी तशी. आणि असली तर पुढचा प्रश्न, ‘कोणाकडून मिळाली?’ विनय घरी येऊन सांगायचा, “आज एक रील मिळाली. नोराकडून.” ही रील मोबाइलवरची नव्हे, चार मात्रांची पळती नाचाची ट्यून. सई तेव्हा दहा वर्षांची होती. ती म्हणायची, “बाबा, इट साउंड्स द सेम ॲज द लास्ट वन.” त्यावर तो तिला दोन्ही वाजवून दाखवायचा, आणि मग आम्हा दोघींनाही त्या सारख्याच वाटायच्या.

दर शनिवारी नोरा आमच्याकडे चहाला येऊ लागली. माझा आल्याचा चहा तिला फार तिखट वाटायचा, पण कप पूर्ण संपवायची. एकदा विनयने तिला विचारलं, की उत्तरेकडच्या स्लायगोचे लोक त्याच ट्यून इतक्या भरभर वाजवतात, मग आपण एवढ्या संथ का वाजवायच्या?

“स्लायगोवाल्यांना कुठेतरी पोचायचं असतं,” नोरा म्हणाली. “डोनेगलवाले गजाने सूर तोडून फेकतात. क्लेअरवाल्यांचं सगळं लक्ष नाचणाऱ्यांच्या पायांकडे. खाली केरीत पोल्का म्हणजे नुसती धमाल. आम्ही इकडचे पूर्व गॉलवेवाले. इथली जमीन ओली, पाय रुततो. एकेक पाऊल उपटून काढावं लागतं. माझे वडील म्हणायचे, दोन सुरांमध्ये माणसाला वाईट वाटायला तरी वेळ मिळाला पाहिजे.”

मग तिने एक रील त्या चालीत वाजवून दाखवली. स्वयंपाकघरात कुकरची वाफ, खिडकीवर धारा, आणि ती बाई जर्किन न काढता वाजवतेय. रील नाचाचीच होती, पण त्या चालीत ती कोणी दूर निघून जाताना पाठमोरं दिसावं तशी ऐकू येत होती. अशा वाजवण्याला हे लोक ‘लोनसम’ म्हणतात. एकटं, ओकंबोकं. आणि हा त्यांच्याकडे कौतुकाचा शब्द आहे. कोणी फार चांगलं वाजवलं की शेजारचा मान हलवून म्हणतो, “दॅट्स फिअर्स लोनसम,” म्हणजे फारच. तेव्हा मलाही तो शब्द सुंदर वाटला होता. एकटेपण ही वाजवण्यातली एक खुबी आहे असं मानण्याइतकी मी तेव्हा सुखात होते.

नोराच्या शिकवण्यातलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते श्वासाचं. नाचाच्या ट्यूनमध्ये विसावा नसतो. सुराला सूर लागून पुढे जात राहतात, थांबायला जागाच ठेवलेली नसते. फिडलवाल्याचं त्यात काही अडत नाही, पण फ्लूटवाल्याला श्वास तर घ्यायला हवा. मग तो काय करतो? एक सूर सोडून देतो. वाजवतच नाही. त्या रिकाम्या जागेत श्वास घेतो आणि पुढच्या सुरावर परत चढतो.

“कुठला सूर सोडायचा, ते ज्याचं त्याने ठरवायचं,” नोरा त्याला म्हणाली होती. “मी माझ्या वडिलांची ट्यून वाजवते, पण मी सोडते ते सूर माझे आहेत. अंधारात ऐकलं तरी कळतं, नोरा वाजवतेय.”

विनयने महिनोन्‌महिने त्यावर घालवले. बाथरूममध्ये, गॅरेजमध्ये, एकच ट्यून, आज या जागी श्वास, उद्या त्या जागी. सेशनमध्येही जाऊन बसू लागला. आधी वर्तुळाच्या बाहेरच्या खुर्चीवर, मग आतल्या. एकदा त्या बोधरानवाल्याने मला सांगितलं, “युअर मॅन देअर, तो तुझा नवरा, त्याच्याकडे नोराच्या बापाची चाल आहे. मला वाटलं होतं ती संपली.” नोराला मूलबाळ नव्हतं. क्लासमधली मुलं फोनवर बघून वेगात वाजवायला शिकत होती. कुठलं गाव, कुठली चाल, त्यांना काही घेणं नव्हतं. एवढ्या वर्षांत तिच्याकडचं नीट मागून घेणारा एकच माणूस आला, आणि तो वर्ध्याचा होता. गंमत म्हणून हे आम्ही भारतातल्या नातेवाइकांना सांगायचो.

आणि मग तो हिवाळा.

घड्याळं मागे गेल्यावरच्या पहिल्या क्लासहून विनय जरा वैतागून आला. फ्लूटमधून हवा गळतेय म्हणाला. भेगबिग पडली असेल म्हणून तेल लावलं, सांध्याचा दोरा नवा गुंडाळला. पुढच्या शनिवारी नोरा आली, तिने ती फ्लूट वाजवून पाहिली. फ्लूट ठणठणीत होती. मग तो वाजवू लागला. तो नेहमीपेक्षा जास्त सूर सोडत होता. ओळीत एका जागी श्वास घ्यायचा तिथे दोन जागी, मग तीन. नोरा डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिने त्याच्या हातावर थोपटलं.

“आता ती तुझी झाली,” ती म्हणाली. “इतकं सोडून द्यायला मला चाळीस वर्षं लागली.”

विनय लहान मुलासारखा लाजला.

घरात आणखी एक गोष्ट घडत होती. विनय ‘सकाळ’ला ‘सकाय’ म्हणायला लागला होता. ‘डोळे’ऐवजी ‘डोये’, ‘जवळ’ऐवजी ‘जवय’. आता ही तर त्याच्या आईची बोली. माझ्या सासूबाई वर्ध्याला असतात, अजून अस्सल वऱ्हाडी बोलतात. विनय पुण्यात शिकायला आला तेव्हा मुलं हसतात म्हणून त्याने मेहनतीने ‘ळ’ कमावला होता. मला वाटलं, चाळिशीत माणूस आपल्या मुळाकडे जायला लागतो. मी त्याची नक्कल करायचे. “काय वं बाई, सकायी सकायी चहा नाही काय?” आम्ही तिघं हसायचो. सईला तर तो खेळच झाला होता. तिला मराठी कळते, पण उत्तर ती इंग्रजीतच देते. तरी त्या दिवसांत ती मुद्दाम “डोये, डोये” म्हणत घरभर फिरायची.

मग एका सकाळी, दात घासून आल्यावर, विनय माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “मधू, मी मुद्दाम नाही करत.”

त्याला ‘ळ’ येतच नव्हता. त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. जीभ टाळूपर्यंत जायची आणि वळायची नाही. आम्ही दोघं आरशासमोर उभे होतो. त्याने गाल फुगवले आणि ओठ घट्ट मिटून धरायचा प्रयत्न केला, तर एका कोपऱ्यातून हवा सुटली.

डिसेंबरात तपासण्या झाल्या. जिभेत सुई घालून बघतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी शांतपणे, घाई न करता सांगितलं. मोटर न्यूरॉन डिसीज. हळूहळू स्नायू निकामी होत जातात, त्याची सुरुवात तोंडापासून झाली आहे, थांबवणारं औषध नाही. ते गेल्यावर त्यांच्यासोबतचा तरुण डॉक्टर मागे थांबला. तो नागपूरचा निघाला. दार लोटून तो म्हणाला, “दादा, काही विचारायचं असेल तर मराठीत विचारा. मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो.”

मला शंभर प्रश्न होते. विनयने एकच विचारला. “फ्लूट वाजवता येईल?”

डॉक्टरने खाली बघितलं. “सध्या वाजवा,” तो म्हणाला.

‘सध्या’ हा किती साधा शब्द आहे. आपण तो दिवसभर वापरतो. सध्या सर्दी आहे, सध्या वेळ नाही. त्या दिवसापासून मला तो उच्चारता येत नाही.

नोराला सांगायला आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. तिच्या बैठकीत पीट, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेली माती, जळत होतं, त्याचा तो ओल्या मातीसारखा वास. तिने ऐकून घेतलं आणि चहा करायला उठली. प्रेस, म्हणजे कपाट, उघडून ती त्याच्यासमोर नुसती उभी राहिली. कप हाताशी होते, पण ती काढेना. तशी पाठमोरीच ती म्हणाली, “आणि मी म्हणाले, ती तुझी झाली.”

“त्यात काय चुकलं?” विनय म्हणाला. तेव्हा त्याला अजून बोलता येत होतं. “तुला ऐकायला चांगलंच वाटलं ना?”

ती वळली नाही.

जानेवारीत एका रविवारी दुपारी सगळं सेशनच आमच्या घरी आलं. नोरा, दोन फिडलवाले, कॉन्सर्टिनावाली बाई आणि तो बोधरानवाला. कोणी कारण विचारलं नाही, सांगितलंही नाही. येताना सँडविच आणि एक ॲपल टार्ट घेऊन आले. मी कांदाभजी तळली. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती ते नेहमीसारखे एकमेकांकडे तोंड करून बसले, आणि मी गॅसपाशी उभी, म्हणजे मला पाठीच. विनय नोराच्या शेजारी. पहिल्या दोन-तीन ट्यून त्याने वाजवल्या. म्हणजे वाजवायचा प्रयत्न केला. रीलमध्ये सूर कमी आणि सोडलेल्या जागा जास्त होत चालल्या होत्या. पण बाकीचे वाजवत होते, त्यांच्या आवाजात त्याच्या मोकळ्या जागा बुडून जात होत्या. मग त्याने ओठांपासून फ्लूट काढली आणि मांडीवर आडवी धरून नुसती बोटं चालवू लागला. ट्यून पुढे जातेय, बोटं तिच्याबरोबर चाललीयेत, भोकं उघडतायत, झाकतायत. बोटं तेव्हा अगदी शाबूत होती. एकही चुकत नव्हती.

मी ते बघत होते. भजी करपली.

सई जिन्यावर बसून ऐकत होती. मी तिला आत बोलावलं तर म्हणाली, “आयम ग्रँड हिअर, आई.” या देशात ‘ग्रँड’ म्हणजे बरं आहे, चाललंय, काळजी नको. तिचा चेहरा गुडघ्यांत होता.

फेब्रुवारी सगळा पावसात गेला. विनय रोज दुपारी फ्लूट जोडायचा, फुंकायचा आणि वाट बघायचा. कधी एखादा खालचा सूर उमटायचा, धुकट, मग विनय तोच दिवसभर मनाशी धरून बसायचा. मार्चच्या सुरुवातीला एक दिवस नुसती हवा आली. त्याने पुन्हा फुंकलं. पुन्हा हवा. मी वरच्या खोलीत कॉलवर होते. माझ्या कानात कोणीतरी एका बगबद्दल तावातावाने बोलत होतं आणि एका कानातला हेडफोन काढून मी खालून येणारा तो सूरच नसलेला आवाज ऐकत होते. मग तोही थांबला. खाली आले तर त्याने फ्लूट सुटी केली होती. एकेक तुकडा कापडाने पुसत होता, आतून, बाहेरून, पुन्हा आतून. काळं लाकूड चमकायला लागलं तरी पुसत होता. मी शेजारी बसले. त्याला काय सांगायचं असतं? इतरांना सांगतात तसं, की तू खूप वाजवलंस, की आठवणी राहतात? त्याने तुकडे पेटीत ठेवले. दुसऱ्या दिवशी मी ती पेटी नोराला परत देऊन आले. तिची होती.

त्यानंतर मला ‘लोनसम’ या शब्दाची चीड यायला लागली. माणसं उबदार खोलीत, भरल्या ग्लासांशेजारी बसून एकटेपण वाजवतात, आणि मग वाद्यांच्या पेट्या उचलून आपापल्या घरी जातात. हे त्यांच्यावर अन्याय करणारं आहे, मला कळतं. नोराच्या वडिलांचे सगळे भाऊ एकामागून एक बोटीने निघून गेले आणि एकही परत आला नाही, ते तिनेच सांगितलं होतं. ते सूर कोणीतरी खऱ्याखुऱ्या रिकाम्या घरात बसून काढलेत. पण दुःखाला चाल लावली की ते हलकं होतं, हे मला पटत नाही. ते तेवढंच राहतं. फक्त ते शिकवता येतं, एवढंच.

त्याच वसंतात, बोलणं अजून थोडं समजत होतं तोवर, हॉस्पिटलमधल्या बाईंनी त्याच्याकडून वाक्यं वाचून घेतली. त्यांतून एक मशीन त्याचा आवाज बनवणार होतं. पुढे तो टाइप करेल आणि मशीन त्याच्या आवाजात बोलेल. चांगली सोय होती, आणि ती माणसं फार मायेने वागली. फक्त मशीनला मराठी येत नव्हती. मग पुढचं वर्ष-सव्वा वर्ष माझा नवरा माझ्याशी त्याच्याच आवाजात, नीट, स्वच्छ, इंग्रजी बोलला. “मधू, कुड यू मूव्ह द पिलो.” इतकी वर्षं आम्ही मराठीत भांडलो, मराठीत मनवलं एकमेकांना. शेवटी शेवटी मी मराठीत बोलायचे आणि उत्तर इंग्रजीत यायचं. सईला मात्र त्यात काही वेगळं वाटलं नाही. उलट ती एकदा म्हणाली, की बाबा आता तिच्यासारखा बोलतो.

सासूबाईंचे गुडघे गेलेले, प्रवास झेपण्यासारखा नव्हता. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. विनय टाइप करायचा, मशीन इंग्रजीत बोलायचं, मी ते मराठीत सांगायचे. वर्ध्याच्या त्या खोलीत सासूबाई पडद्याजवळ डोळे नेऊन बघत राहायच्या. आवाज मुलाचा, आणि शब्द एकही कळत नाही.

“काय म्हणते वं तो?” त्या विचारायच्या.

“म्हणतोय, आई, जेवलीस का?”

“त्याले म्हण, माह्याशी असा सायबासारखा नको बोलू.”

विनय हसायचा. म्हणजे त्याचे डोळे हसायचे.

तो पुढच्या वर्षी उन्हाळ्यात गेला. दहनगृहात नोराने आणि सेशनवाल्यांनी वाजवलं. एकमेकांकडे तोंड करूनच उभे होते, आणि त्या दिवशी मधोमध तो होता. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, इथे तशा वाजवतही नाहीत. नंतरच्या ऑक्टोबरात नोराने क्लास सोडला. बोटं दुखतात म्हणाली. आता एक उत्साही तरुणी शिकवते, तिची मुलं स्पर्धांत बक्षिसं आणतात, आणि खूप वेगात वाजवतात. गेल्या आठवड्यात नोरा दुकानात भेटली. आम्ही दोघी दुधाच्या फ्रिजसमोर उभ्या होतो. मी विचारलं, वाजवतेस का हल्ली?

“कोणासाठी?” ती म्हणाली. मग जरा थांबून, “माझ्या वडिलांची चाल मी देऊन टाकली होती, माधवी. एकदा दिलेलं परत आपल्याकडे येत नाही.”

मी दुधाची तारीख बघत राहिले.

काही महिन्यांपूर्वी सासूबाईंनी फोन केला. त्यांच्या मोबाइलवर जुन्या कॉलचं एक रेकॉर्डिंग होतं, त्यात मशीनचा आवाज होता. “तो नको मले,” त्या म्हणाल्या. “तो माहा पोरगा वाटत नाही. तू त्याची वाजवलेली बासरी पाठव. तिथं शिकला होता ना तो, ती.”

मी त्याचा फोन चार्ज करून उघडला. त्यात रेकॉर्डिंगची रांगच होती. मला फार मोठा ठेवा सापडल्यासारखं वाटलं. सोफ्यावर बसून पहिलं लावलं. नोरा वाजवत होती. दुसरं लावलं, त्यातही नोरा. क्लासमध्ये सगळेच असं करतात, मला नंतर कळलं: शिक्षक वाजवतो तेव्हा फोन चालू करायचा आणि घरी ऐकून ऐकून बसवायचं. प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये नोराची पूर्ण ट्यून, मग तिचा आवाज, “नाऊ यू,” मग खुर्ची सरकल्याचा आवाज, विनयची घसा साफ करायची ती लकब, आणि बंद. एकूण एक रेकॉर्डिंग तिथेच संपत होतं. स्वतःचं कोण कशाला रेकॉर्ड करेल? तो तर अजून शिकत होता. मी माझा फोन शोधला, सईचा शोधला, सेशनवाल्यांना विचारलं. सगळ्यांकडे सगळ्यांचं मिळून होतं. त्यात कुठेतरी तोही होता, पण वेगळा काढता येत नव्हता. विनयच्या एकट्याच्या फ्लूटचा एकही सूर या जगात शिल्लक नाही. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. इथे लिहितेय तेवढंच.

सासूबाईंचे रोज फोन येत होते. “सापडलं काय वं?” शेवटी मी नोराची एक रील पाठवली, शेवटचं ‘नाऊ यू’ कापून.

कालच व्हिडिओ कॉल झाला. इथे बाहेर अंधार पडला होता, तिकडे रात्रीची जेवणं आटोपली होती. सासूबाईंनी शेजारच्या मुलीकडून ते रेकॉर्डिंग दुसऱ्या फोनवर लावून घेतलं होतं, आणि तो फोन कानाशी धरून त्या बसल्या होत्या. मला त्या स्क्रीनवर दिसत होत्या, बारीक झालेल्या, पदर कानामागे खोचलेला. वर्ध्याच्या त्या खोलीत नोरा वाजवत होती, तिच्या वडिलांच्या चालीत, एकेक पाऊल उपटत.

“काय गोड वाजवत होता वं माहा लेक,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते.

“आई,” मी म्हणाले. पुढचं वाक्य मी मनात नीट लावून ठेवलं होतं. कितीतरी दिवसांपासून.

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

“तो काय म्हणते ते तू नको सांगू,” त्या म्हणाल्या. “हे समजते मले.”